चिस्चिलीचे डोळे

माझा साडू चिस्चिली अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि अजून त्याला दरीच्या पलीकडच्या कड्यावरची शेळी दिसते. नुसती शेळी नाही, ती गाभण आहे की नाही हेही तो सांगतो. मला माझ्या हातातला कप दिसतो, त्यातली कॉफी दिसत नाही. ती संपली हे ओठांना कळतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल काही बरं बोललो तर ते किती कष्टानं बोललो हे लक्षात येईल.

त्याचं नाव केसांवरून पडलं. आमच्या लोकांचे केस सरळ. ह्याचे मेंढीसारखे कुरळे. माझं नाव अदकाय, म्हणजे पत्ते खेळणारा. त्याचं नाव डोक्यावर आपोआप उगवलं, माझं मी हरून मिळवलं.

मी नानिबाचा नवरा होऊन करड्या बाईच्या वस्तीवर राहायला आलो त्याला सहा वर्षं झाली होती, तेव्हा हा नानिबाच्या धाकट्या बहिणीचा, अल्नाबाचा, नवरा होऊन आला. नदीपलीकडून, दोन घोडे आणि एक जुनं खोगीर घेऊन. करडी बाई आमची दोघांची सासू. मेंढ्या तिच्या, झरा तिचा, मातीची गोल घरं तिच्या शब्दावर उभी. जावई म्हणजे पाहुणा. आपलं खोगीर दाराबाहेर काढून ठेवलेलं दिसलं की त्यानं ते समजून उचलायचं आणि आपल्या आईकडे परत जायचं.

जावयानं सासूचं तोंड पाहायचं नाही आणि सासूनं जावयाचं. पाहिलं तर डोळे जातात. हे आमच्यात कुणी कुणाला शिकवत नाही; विस्तवात हात घालू नये हे जसं शिकवत नाहीत. सासूचं घर जुनिपरच्या झाडांच्या टेकाडामागे होतं आणि तिच्या कमरपट्ट्याला दोन घुंगरू होते. ती आमच्या बाजूला यायला निघाली की घुंगरू वाजत आणि मी तोंड फिरवून कड्याकडे बघत उभा राही. सहा वर्षांत मी त्या कड्यातली एकेक भेग पाठ केली होती.

पण तिचा आवाज ऐकायला बंदी नव्हती, आणि तिचा आवाज मोठा होता. टेकाडामागून ती मुलीशी बोले, पण ऐकवायचं मला असे. "थोरल्याला सांग, लाकडं ओली आणलीत." "थोरल्याला सांग, काल व्यापाऱ्याच्या दुकानामागे पत्ते खेळत होता ते मला कळलंय." मी ऐकून घेई. एकुलता एक जावई होतो. शिव्या माझ्या, पण सगळ्याच्या सगळ्या माझ्या.

चिस्चिली आला आणि दुसऱ्याच आठवड्यात टेकाडामागून आवाज आला, "धाकट्याची चाल ऐकलीस का गं? चालतो तर मातीलासुद्धा कळत नाही."

नानिबा काहीतरी बोलली.

"थोरला?" सासू म्हणाली. "थोरला येतो तेव्हा माझी मडकी हलतात."

मला जेवण त्या दिवसापासून गोड लागेनासं झालं. तिनं आम्हा दोघांपैकी एकालाही पाहिलेलं नव्हतं. पाहून डावं-उजवं केलं असतं तर समजू शकलो असतो. न पाहता हरायचं म्हणजे काय?

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मोजणीवाले आले. वाशिंग्टनहून निघालेले, चौदा खेचरं, पिठाची पोती, आणि मेणकापडात गुंडाळलेलं एक लांबोडकं पितळी काहीतरी, जे त्यांचा प्रमुख तान्ह्या पोरासारखं मांडीवर घेऊन आला. त्याची मान उन्हानं भाजून लाल झाली होती, म्हणून आम्ही त्याला तांबडमान्या म्हणू लागलो. आधी काही वर्षं तो व्यापाऱ्याकडे राहिलेला होता. आमची भाषा तोडकीमोडकी बोलायचा, शिव्या मात्र पूर्ण द्यायचा. आमच्या घळी, दऱ्या, कडे, आणि कड्यांच्या पोटातली पुरातन लोकांची ओसाड घरं, हे सगळं त्याला कागदावर हवं होतं. त्यासाठी माणसं हवी होती.

आम्ही दोघं गेलो. तांबडमान्यानं वाळू सपाट केली आणि म्हणाला, "काढा तुमचा मुलूख."

आधी मी बसलो. मी मन लावून काढलं. झऱ्यापासून निघालो, कुठं वळायचं, कुठं घोडा घसरतो, कुठं पाणी आटलेलं असलं तरी वीतभर खणल्यावर लागतं. ज्या घळीतून जायला दिवस मोडतो ती मी हातभर लांब काढली. ज्या पठारावर घोडा पळतो ते चार बोटांत संपवलं. माझ्या वाळूवरून आंधळासुद्धा नातसिसान डोंगरापर्यंत पोचला असता.

चिस्चिलीनं काही काढलं नाही. तो झऱ्यावरून ओली वाळू घेऊन आला आणि ढीग रचायला लागला. मग बोटांनी ढिगात घळी पाडल्या. अधूनमधून उठून उभा राही, वरून बघे, पुन्हा बसे. तांबडमान्या गुडघ्यांवर आला आणि त्यानं गाल जमिनीला टेकवून त्या ढिगाकडे बघितलं. तिथून त्याला खरा कडा आणि वाळूचा कडा एकामागे एक दिसत असावेत, कारण तो हसला.

"हा माझ्याबरोबर," तो म्हणाला. "आणि तू खेचरं सांभाळ."

"ह्याला वाट माहीत नाही," मी म्हणालो. "नदीपलीकडचा आहे हा. पहिल्याच घळीत हरवेल."

"वाट तू दाखवशीलच. मला वाट सोडून बाकीचं सगळं पाहिजे."

त्या संध्याकाळी टेकाडामागून आवाज आला, "धाकट्याला यंत्र दिलं म्हणे. आणि थोरल्याला?"

"खेचरं," नानिबा म्हणाली.

"चांगलं झालं. एकमेकांना समजून घेतील."

उन्हाळाभर मी त्यांच्यामागून हिंडलो. पुढे चिस्चिली, खांद्यावर तिपाई, पाठीला लाकडी पाट. त्याच्यामागे तांबडमान्या, मांडीवरचं पोर आता बगलेत. त्यांच्यामागे मी आणि चौदा शेपट्या. कड्यावर पोचलं की तिपाई रोवायची, तिच्यावर पाट, पाटावर ताणलेला कागद, कागदावर पितळी पट्टी आणि पट्टीवर ती हातभर दुर्बीण. लांबच्या टोकांवर आम्ही पांढऱ्या कापडाची निशाणं आधीच रोवून आलेलो असू. चिस्चिली दुर्बिणीतून निशाण शोधायचा, तांबडमान्या पट्टीच्या कडेनं रेघ ओढायचा. मग दुसऱ्या कड्यावर जाऊन तेच. दोन रेघा जिथं एकमेकींना कापतील, तिथं ते टोक कागदावर बसलं.

त्या दुर्बिणीत जग उलटं दिसतं, हे चिस्चिलीनं मला पहिल्या दिवशी सांगितलं. आकाश खाली, जमीन वर, निशाण वटवाघळासारखं लोंबणारं. तांबडमान्याच्या आधीच्या दोन मदतनिसांना त्यानं भोवळ आली होती. ह्याला काही झालं नाही.

"मजा येते, दादा," तो म्हणाला. मला तो दादा म्हणतो. पहिल्या दिवसापासून म्हणतो, आणि खरोखर आदरानं म्हणतो, म्हणून मला त्यावर काही बोलताही येत नाही.

"मला बघू दे," मी तांबडमान्याला म्हणालो.

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. खेचरांच्या पाठीला लावायच्या मलमानं ते तेलकट झाले होते. "नंतर," तो म्हणाला. उन्हाळाभर तो नंतरच म्हणाला.

कागदावर टोकं बसली की तांबडमान्या त्यांच्यामधून वाकड्यातिकड्या रेघा काढायचा, एकीत एक. त्या कशाच्या ते मला कळेना. एकदा जेवताना त्यानं सांगायचा प्रयत्न केला, भाषा पुरेना, चिडला. तेव्हा चिस्चिली भाकरीचा घास खाली ठेवून म्हणाला, "मेंढ्या उतारावर सरळ चढत नाहीत, आडव्या चालतात. उतारभर त्यांच्या वाटा पडतात, एकीच्या वर एक. त्याच ह्या. उभा कडा असेल तिथं वाटा जवळजवळ येतात."

तांबडमान्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुढचे चार दिवस जो भेटेल त्याला तो ही मेंढ्यांची गोष्ट सांगत सुटला.

मी जन्मभर मेंढ्यांमागे चाललोय. त्या वाटांवरून माझ्या चपला झिजल्या. मला का नाही सुचलं? मी त्या रात्री कूस बदलत राहिलो आणि सकाळी उठून एका निरपराध खेचराला लाथ मारली. त्यानं मला परत मारली.

मग पुरातन लोकांच्या घरांची मोजणी सुरू झाली. कड्याच्या पोटात मोठ्या कपारी, कपारीत दगडी खोल्यांच्या रांगा, काळी चौकोनी दारं. मेलेल्यांची घरं ती. आमच्यातलं कुणी तिथं पाय ठेवत नाही. तांबडमान्या बिनदिक्कत जायचा, फुटक्या मडक्यांचे तुकडे आणायचा, आणि आम्ही त्याला आमच्या जाळापासून लांब बसवायचो. चिस्चिली दरीच्या अलीकडेच थांबला. पण त्यानं तिथूनच दुर्बीण लावली आणि दारं मोजली. एकतीस. तांबडमान्या दुसऱ्या दिवशी आत जाऊन मोजून आला. एकतीस.

"मेलेल्यांच्या घरात डोकावतोस, साडूभाऊ?" मी म्हणालो.

"डोकावलो कुठं, दादा? पाय इथं आहेत माझे."

"आणि डोळे?"

"डोळे दुर्बिणीतच अडकलेत. शिवाय सगळं उलटं दिसतं. उलट्या दारातून कोण बाहेर येणार आहे?"

खेचरंसुद्धा हसतील अशा सुरात त्यानं ते म्हटलं. मी हसलो नाही. मला त्याचं उत्तर पटलं होतं, म्हणून तर राग आला.

तो दिवस उन्हाळ्याच्या शेवटाचा. आम्ही आमच्याच वस्तीच्या जवळ येत होतो. दोन पठारांपलीकडे आमचा झरा होता. तांबडमान्या आचाऱ्याला घेऊन खाली एका कपारीत गेला होता. चिस्चिलीला सांगून गेला होता की झऱ्यावरच्या टोकाचं निशाण शोधून ठेव. मी पाण्याचं पिंप घेऊन वर चढलो, तर चिस्चिली तिपाईपासून दहा पावलं लांब, खाली मान घालून उभा. चेहरा राखेसारखा. कमरेची परागाची पिशवी त्यानं सोडली होती आणि प्रार्थनेत वाहायचा मक्याचा पिवळा पराग चिमटीत घेतला होता. पण हात वर जाईना.

"काय झालं?"

"काही नाही. मी जरा त्या खडकामागे जाऊन येतो." दोन पावलं गेला आणि वळला. "दादा, त्यात बघू नकोस हं."

आणि गेला.

आता मी काय समजायचं? उन्हाळाभर तांबडमान्या म्हणाला नंतर. आता हाही म्हणतो बघू नकोस. नदीपलीकडून दोन घोडे घेऊन आलेला हा माणूस, ह्यानं माझी सासू घेतली, माझं काम घेतलं, माझ्या मेंढ्यांच्या वाटा घेतल्या. आणि आता दुर्बिणीवर राखण बसवून जातो? मी हात पँटला पुसले. दोन्ही बाजूंनी पुसले, नीट. आणि डोळा लावला.

आधी नुसता धूर. डोळ्याजवळचं एक कडं फिरत होतं, ते मी फिरवलं, तसा धूर विरला. खाली आकाश. वर, छताला चिकटल्यासारखी, आमच्या झऱ्याची लाल जमीन. तिच्यावरून खाली लोंबणारं एक माणूस. बाई. केस धुवायला युक्काच्या झुडपाच्या मुळाचा फेस केलेली टोपली शेजारी, आणि धुतलेले केस मोकळे सोडलेले. ते केस तिच्यापासून आकाशाकडे वाहत होते, जाळावर ओलं लाकूड टाकल्यावर धूर निघतो तसे. करडे. मग तिनं केस मागे टाकले आणि मला तिचा चेहरा दिसला. तिच्या दोन्ही मुलींचा चेहरा, फक्त अधिक ठाम. ती गात असावी. तोंड हलत होतं.

मी किती वेळ पाहिलं? कळल्याबरोबर डोळा काढला असं म्हणायला मला आवडेल.

चिस्चिली परत आला तेव्हा मी खेचरांपाशी होतो. त्यानं मला काही विचारलं नाही. मीही त्याला नाही.

चार दिवसांनी आम्ही वस्तीवर आलो. चिस्चिली टेकाडावर चढला, जुनिपरच्या अलीकडे थांबला, तोंड कड्याकडे केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "मी पाहिलं! दुर्बिणीतून. झऱ्यावर. चूक माझी आहे."

पलीकडे घुंगरू थांबले.

अल्नाबा रडायला लागली. नानिबा म्हणाली, "खोगीर बाहेर जाणार आता." आणि देवाशपथ सांगतो, माझं काळीज उडीच मारून बसलं. आनंदानं.

सासूचा भाऊ, आमचा मामेसासरा, बोलावला गेला. तो टेकाडाच्या माथ्यावर, दोन्हीकडच्यांना दिसेल असा बसला आणि चौकशी सुरू झाली.

"किती लांबून?"

"दोन पठारांवरून."

"मग ती दिसली म्हणता येणार नाही. ती मुंगीएवढी असणार."

"दुर्बिणीत जवळ येते, मामा. आणि उलटी दिसली."

"उलटी म्हणजे?"

"पाय वर. डोकं खाली."

हा प्रश्न मामाच्या आजोबांपुढेही आला नसणार. मग टेकाडामागून सासूचा आवाज आला, "डोक्यावर उभी दिसले मी? ह्या वयात?" आणि ती हसायला लागली. सहा आणि एक सात वर्षांत मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. ते थांबेना. मामाही हसायला लागला. अल्नाबा रडता रडता.

शेवटी मामा म्हणाला, "उलटी काय, सुलटी काय, पाहिली ती पाहिली. मंत्र गाणारा बोलवा. विधी करू. आणि विधीत तिनं बसायचं, त्याला आपल्या हातानं लापशी भरवायची. मग दोघांनाही बाधा नाही, कधीच नाही."

हा मार्ग सगळ्यांना माहीत असतो, पण वापरतो कोण? सासू स्वतः जावयाच्या विधीला बसली की पडदा कायमचा उठतो. दोन दिवस गाणं झालं. करड्या बाईनं निळ्या मक्याची लापशी चार बोटांनी उचलून त्याच्या तोंडात घातली. मी सगळ्यांबरोबर आत बसू शकत नव्हतो. बाहेर लाकडं फोडत होतो. सुकी.

त्या दोन दिवसांत मला फक्त आत ओरडून सांगायचं होतं की मीही पाहिलं. गाणारा आलेलाच होता. लापशी शिजलेलीच होती. एका घासाची गोष्ट. पण म्हणजे मी दुसरा. पापातसुद्धा त्याच्यामागून, खेचरं हाकत. आणि तो स्वतः होऊन बोलला होता. मी बोललो असतो तर लोक म्हणाले असते, त्याचं बघून बोलला. मी लाकडं फोडत राहिलो.

पुढची चौतीस वर्षं चिस्चिली सासूसमोर बसून जेवला. तिला तो आई म्हणतो. ती त्याच्या केसांतून काटे काढते. माझ्या पोरांना आजी आणि धाकटे काका एका पातेलीतून मटण खाताना दिसायचे आणि बाप कड्याकडे तोंड करून. वस्तीत आता दुसरं कुणी राहिलं नव्हतं जे तोंड फिरवील. ते घुंगरू एकट्या माझ्यासाठी वाजत.

मोजणीचा छापलेला कागद दोन वर्षांनी व्यापाऱ्याच्या दुकानात आला. चिस्चिलीनं त्यावर बोट ठेवून लोकांना घळी दाखवल्या, ओसाड घरं दाखवली, आमच्या झऱ्याचा निळा ठिपका दाखवला. म्हातारे लोक वाकून वाकून बघत. मीही वाकलो. तेव्हाच रेघा एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसल्या आणि मी धसकलो.

डोळे लाल व्हायचे, चिकटायचे, पापण्या आत वळायच्या. सरकारी डॉक्टरनं पापण्या उलट्या करून मोरचूद घासला. म्हणाला, धूळ आणि माश्या, तुमच्या निम्म्या मुलखाला हा रोग आहे. खरं होतं. त्या सगळ्यांनी काही सासू पाहिली नव्हती. मला ते कळत होतं. पण सकाळी पापण्या पाण्यानं सोडवताना मला दरवेळी तेच दिसायचं: खाली आकाश, आणि आकाशाकडे वाहणारे केस.

गेल्या शिशिरात डावा डोळा गेला. उजव्यात थोडा उजेड उरला. नानिबानं मला न विचारता हात थरथरवून आजाराचं मूळ सांगणारी बाई बोलावली. दुपार होती. घरात मी, नानिबा, अल्नाबा, आणि चिस्चिली, जो न बोलावता येतो आणि ज्याला कुणी जा म्हणत नाही. बाईनं डोळे मिटले, हात माझ्यावर धरला. हात थरथरायला लागला.

"लांबचं आहे," ती म्हणाली. "उंचावरचं. तू काहीतरी पाहिलंस. काय पाहिलंस?"

मी गप्प. नानिबा म्हणाली, "बोल ना. उरलेला डोळापण घालवायचाय का?"

बाईनं पुन्हा विचारलं. आणि मग मला ऐकू आलं, चिस्चिलीनं बसल्या जागी अंग सावरलं आणि घसा खाकरला. त्याची ती खाकरणी मी ओळखतो. तो मऊपणानं बोलायच्या आधी खाकरतो.

"दादा," तो म्हणाला, "त्या दिवशी पठारावर—"

"गप्प बस!" मी ओरडलो. "माझं पापसुद्धा तूच सांगणार का? मी पाहिलं! तुझ्यानंतर लगेच पाहिलं. तिचे केस मोकळे होते. चेहरा पाहिला. तुझ्यापेक्षा जास्त वेळ पाहिला!"

मग नानिबा अगदी हळू म्हणाली, "चौतीस वर्षं?"

"तुला ठाऊक होतं?" मी चिस्चिलीला विचारलं.

"परत आलो तर दुर्बिणीत धूर होता. डोळ्याजवळचं कडं कुणीतरी आपल्या डोळ्याला लावून घेतलेलं. तांबडमान्या तर खाली होता."

"मग बोलला का नाहीस?"

तो विचार करत होता. खोटं बोलायला विचार करणारा माणूस तो नाही.

"आधी वाटलं, तू सांगशील. मग वाटलं, सांगितलं असशील, मला कळलं नसेल. मग मी विसरलोच, दादा. आत्ता ही बाई उंचावरचं म्हणाली तेव्हा आठवलं."

विसरला. जे मी चौतीस वर्षं उशाखाली घेऊन झोपलो, ते हा विसरून मजेत मटण खात होता.

गाणाऱ्याला निरोप गेला. तो पहिल्याचा नातू. विधीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला आत बसवलं, आणि टेकाडाच्या बाजूनं घुंगरू वाजत आले. माझी मान आपोआप वळली. नानिबानं ती दोन्ही हातांत धरून सरळ केली.

"बघ," ती म्हणाली.

दाराच्या उजेडात काहीतरी करडं उभं होतं. वाकलेलं, लहान. ऐंशीला टेकलेली बाई. चेहरा मला दिसला नाही. चेहऱ्याच्या जागी उजेड होता. पण ती सरळ उभी होती, पाय खाली, डोकं वर. मी उरलेला सगळा डोळा तिच्यावर लावला.

ती जवळ आली, समोर बसली आणि मला निरखत राहिली. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"हा होय थोरला?" ती म्हणाली. "मला वाटलं होतं, उंच असेल."

अल्नाबा हसली. नानिबा हसली. गाणारा विधी विसरून हसला.

मी आजवर तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. पहिला शब्द काय असावा ह्याचा मी कितीदा विचार केला होता. पण तोंडातून निघालं ते हेच: "आणि ह्याला पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा काय म्हणालात?"

"धाकट्याला?" तिला आठवायला वेळ लागला नाही. "काही म्हणाले नाही. बघतच राहिले."

चिस्चिली माझ्या शेजारी होता. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो झटकला. त्यानं पुन्हा ठेवला.

"गार होतेय," सासू म्हणाली. तिच्या चार बोटांवर लापशी होती, मला वास आला. "तोंड उघड, थोरल्या."